रामहरीला सिगारेट वळता येत नाही

आबासाहेबांच्या अंगावरून वारं गेलं ते ऐन उसाच्या लागणीत. उजवा हात गेला, उजवा पाय गेला, तोंड वाकडं झालं आणि जीभ जड झाली. डोकं मात्र जिथल्या तिथं राहिलं. घरच्यांची खरी पंचाईत तिथंच झाली. डोकंही गेलं असतं तर त्यांना सिगारेटची आठवण राहिली नसती.

आबासाहेब माझे सख्खे मामा. वडगाव निंबाळकरला कालव्याखाली त्यांची जमीन, ऊस आणि दावणीला म्हशी. पहिल्या महायुद्धात ते पलटणीबरोबर बसऱ्याला गेले होते. तिकडून येताना कुणी घड्याळं आणली, कुणी नुसताच खोकला आणला. मामांनी एक विद्या आणली. पातळ कागदात तंबाखू भरून हातानं सिगारेट वळायची. कुणा गोऱ्या सार्जंटानं शिकवली म्हणत. डाव्या हाताच्या बोटांवर कागद, त्यावर चिमूटभर तंबाखू, दोन्ही अंगठ्यांनी ती सारखी करायची, कागद गुंडाळायचा, डिंकाच्या कडेवरून जीभ फिरवायची आणि टोक नखावर दोनदा ठोकायचं. बोलता बोलता व्हायचं हे. गावात लोक विडी ओढत, चिलीम ओढत, तंबाखू चोळून दाढेखाली धरत. पण पाटलांपासून तलाठ्यापर्यंत कुणीही त्यांच्या वस्तीवरून जाताना तो विशिष्ट वास आला की म्हणे, “आबासाहेब घरी हायेत.”

तो कागद पुण्याहून नेणारा मी. कँपातल्या एका पारशाच्या दुकानात मिळायचा. मी नोकरीला पुण्यात असल्यामुळे दर सुट्टीत मामांना कागदाची पुडकी नेणं हे माझं आयुष्यातलं एकमेव ठरलेलं कर्तव्य होतं. सुरुवातीला जेवढी पुडकी पुरत, त्याच्या दुप्पट ती पुढे लागू लागली. मामांची तब्येत पाहता ते दुप्पट ओढत होते असं काही दिसत नव्हतं. मी विचारलं नाही, मामांनी सांगितलं नाही. घरात रामहरी मोठा झाला होता, एवढंच.

रामहरी मामांचा एकुलता एक मुलगा. लग्न झालेला, मिशी राखणारा, कारखान्याच्या सभेत उभा राहून प्रश्न विचारणारा. सिगारेट तो गोठ्यामागं ओढत असे. मामांच्या डब्यातली तंबाखू, मामांच्या पुडक्यातला कागद आणि मामांचं बघून बघून उचललेला हात. मी त्याची सिगारेट पाहिली आहे. मामांच्या आणि त्याच्या सिगारेटी शेजारी ठेवल्या तर सार्जंटालाही ओळखू आल्या नसत्या.

अर्थात बापासमोर ओढणं म्हणजे बापासमोर जिवंत राहण्याचा हक्क गमावणं. बापाला ठाऊक असणं वेगळं आणि बापासमोर असणं वेगळं. मामांना ठाऊक होतं. म्हणून गोठ्याकडे जायचं झालं तर मामा ओसरीवरूनच मोठ्यानं खाकरायला लागायचे. खाकरत खाकरत, रमत गमत, वाटेत उगाच एखाद्या वासराशी बोलत ते गोठ्यापाशी पोचेपर्यंत रामहरी वैरण कापत असायचा. इतक्या घाईनं वैरण कापणारा तरुण उभ्या तालुक्यात नसेल. म्हशींची त्यामुळे चंगळ होती. वर्षानुवर्षं हे असं सुरळीत चाललेलं होतं.

मग ते वारं आलं.

बारामतीचे डॉक्टर येऊन गेले. त्यांनी मामांना तपासलं, बाहेर ओसरीवर आले आणि हळू आवाजात म्हणाले, “पुन्हा झटका केव्हाही येऊ शकतो. आता मागतील ते द्या.” एवढं बोलून त्यांनी स्वतःची सिगारेट पेटवली.

त्या वासावर आतून मामांचा डावा हात वर आला. दोन बोटं, मध्ये फट ठेवून. तोंडातून काहीतरी घरघर आली. ते बोलणं फक्त प्रयागमामींना कळायचं, पण हे सगळ्यांनाच कळलं.

“मागत्याल ते द्या म्हंत्यात,” मामी म्हणाल्या. “काय मागत्यात ते तर दिसतंयच. पर करून द्यायचं कुनी?”

रामहरीनं पहिला उपाय केला तो पैशाचा. बारामतीहून तयार सिगारेटचं पाकीट आणलं. ते त्यानं स्वतः बापाच्या हातात दिलं नाही; मामींकडे दिलं, मामींनी उशाशी ठेवलं. मामांनी एक तोंडात धरून पाहिली. मग डाव्या हातानं पाकीट बाजेखाली ढकललं. दुसऱ्या दिवशी पुन्हा वर ठेवलं तर पुन्हा ढकललं. त्यांचं म्हणणं काय होतं ते मामींनी उलगडून सांगितलं: “हिच्यात तंबाकू न्हाय, भुसा हाय म्हंत्यात.”

म्हणजे हातानं वळलेलीच हवी. आता घरात हात पुष्कळ होते.

मामी वळतील का? मामींना मिसरीखेरीज कशाचा अनुभव नव्हता, पण तो मुद्दा नव्हता. कागदाला डिंक असतो, तो चिकटवायला जीभ लावावी लागते. नवऱ्याचं उष्टं बायकोनं खायचं असतं. बायकोचं उष्टं नवऱ्यानं ओठात धरायचं हे मामींच्या कल्पनेतही बसत नव्हतं. “माज्या हातनं पाप घडवायचं हाय व्हय शेवटाला?” असं त्या म्हणाल्या. सून कौसल्या सासऱ्यासमोर उभीच राहत नव्हती, तिनं वळायचं म्हणजे भिंतीपलीकडूनच. सालगडी सोपान माळकरी. तंबाखूच्या डब्याला हात लागला तर तो अंघोळ करी. इंदापूरचा जावई रावजी तीन दिवस राहून गेला. त्याला वळता येत होती की नाही देव जाणे, पण ज्याचे पाय आपण ताटात धुतले त्याला सिगारेट वळायला बसवणं म्हणजे लेकीचं नांदणं अवघड करणं. आणि उरलो मी. तर मी भाचा. आमच्याकडे मामानं भाच्याच्या पाया पडायचं असतं. भाच्याकडून सेवा घेणाऱ्या मामाला नरकात आधीच जागा धरून ठेवलेली असते. शिवाय मला वळता येत नाही. पहिलं कारण सगळ्यांनी मान्य केल्यामुळे दुसरं सांगावंच लागलं नाही.

मग मला गेणबाची आठवण झाली.

गेणबा मामांबरोबर बसऱ्याला होता. त्याच सार्जंटाचा दुसरा विद्यार्थी. वयानं बरोबरीचा, म्हणजे एकमेकांसमोर ओढायला मोकळा, आणि उष्ट्याचं म्हणाल तर लढाईत दोघांनी एका थोटकावर रात्री काढलेल्या. एकच अडचण होती. कालव्याच्या पाण्याच्या पाळीवरून दोघांचं फाटलं होतं आणि त्यानंतर ते एकमेकांशी बोलत नव्हते. नक्की काय झालं ते कुणी नीट सांगत नाही. एकानं दुसऱ्याच्या पाटाचं दार पाळी संपायच्या आत बंद केलं, एवढंच.

मी गेलो. गेणबा मळ्यात वांगी तोडत होता. तोंडात अर्थातच हातानं वळलेली.

“तात्या, मामांना तुमच्या हातची एक पाहिजे.”

“कोन म्हंतं?”

“मी म्हणतो.”

“तू कोन? त्येला म्हनावं, सोताच्या तोंडानं हाक मार. कानी पडली की मी निघालोच.”

“तात्या, मामांच्या तोंडाला लकवा झालाय.”

गेणबानं एक वांगं उलटंपालटं करून पाहिलं, किडकं निघालं म्हणून बांधापलीकडे फेकलं. “मग माज्या बी कानाला झालाय,” तो म्हणाला. थोड्या वेळानं पुन्हा म्हणाला, “तेवढं सांग त्येला.” पण काय सांगायचं ते त्यानं सांगितलं नाही आणि मी सांगितलं नाही.

परत आलो तर मामांचा हात वर होता. दोन बोटं, मध्ये फट. रामहरी उंबऱ्याशी उभा होता आणि त्या बोटांकडे बघत होता. त्याच्या स्वतःच्या उजव्या हाताचा अंगठा पहिल्या बोटावर नकळत घासत होता. ते मी पाहिलं, आणि मामांनीही पाहिलं असावं, कारण त्यांनी लगेच छताकडे नजर वळवली.

मी रामहरीला बाहेर घेतलं.

“तू वळून दे की.”

“दादा, खुळा झालास का? मला कुठं येतीया?”

“माझ्यासमोर कशाला हे सोंग?”

“तुज्यासमोर येती रं. आबांच्या म्होरं येत न्हाय.”

यावर मला जी युक्ती सुचली ती शिकलेल्या माणसालाच सुचू शकते. मी म्हणालो, येत नाही ना? मग शीक. आबांकडूनच शीक. मी मधे बसतो, आबा खुणेनं सांगतील, तू त्यांच्या डोळ्यांदेखत पहिल्यांदा शिकशील. शिकून बापासाठी वळली तर ती सेवा झाली, व्यसन नाही. रामहरीला ते इतकं पटलं की त्यानं माझ्याकडे आदरानं पाहिलं. आमच्या नात्यात असं क्वचितच झालेलं आहे.

दुसऱ्या दिवशी सकाळी शाळा भरली. मामा बाजेवर उशांना टेकून, मी शेजारी, मामी पायांशी, आणि समोर पाटावर रामहरी मांडी घालून. पुढ्यात तंबाखूचा डबा, कागदाचं पुडकं आणि पाण्याची वाटी. पाणी डिंकासाठी. मुलाची जीभ बापाच्या ओठाला नको, हे मामींनी आधीच ठरवून टाकलं होतं. स्वतःच्या वेळी ही वाटी त्यांना सुचली नव्हती.

“मामा,” मी म्हणालो, “रामहरीला काही येत नाही. तुम्ही सांगा, तसं तो करील.”

मामांनी माझ्याकडे पाहिलं. मग रामहरीकडे. वाकडं तोंड हसतंय की रडतंय हे ओळखणं एरवीही कठीण होतं. त्यांनी डाव्या हातानं कागद दाखवला.

रामहरीनं कागद उचलला. त्यानं तो असा उचलला की जणू आयुष्यात प्रथम कागद नावाची वस्तू पाहतो आहे. डिंकाची कड खाली घेतली. मामांनी बोट फिरवलं. त्यानं कागद उभा धरला. मामांनी पुन्हा बोट फिरवलं. त्यानं तंबाखू घेतली ती मूठभर.

“आरं, येवडी कुटं घेत्यात?” मामी एकदम म्हणाल्या. “काल तर गोठ्यामागं—” आणि त्यांनी पदर तोंडाशी नेला. “काल तर गोठ्यामागं ती म्हस लई वरडत हुती,” असं त्यांनी वाक्य पुरं केलं.

रामहरीनं वळायला घेतलं. एवढा मोठा बाप्या, कपाळावर घाम आलेला. त्याच्या बोटांना येत होतं ते त्याला करायचं नव्हतं, आणि न येणं हे काही सोपं काम नाही. वाटीतलं पाणी लावलं ते जास्त झालं, कागद फाटला. दुसरा घेतला. शेवटी जे तयार झालं त्याला सिगारेट म्हणायचं म्हणून म्हणायचं. मधे फुगलेली, टोकांना आवळलेली, भुईमुगाची शेंग. मामींनी ती मामांच्या ओठात दिली, मी काडी ओढली. एका बाजूनं ती पेटली, दुसऱ्या बाजूनं निखारा गोधडीवर पडला. मामांनी दोन झुरके घेतले. तिसऱ्याला नुसता कागद जळला.

“जमलं की!” मी म्हणालो.

मामांनी डावा हात वर केला. आशीर्वाद असेल.

पुढच्या सुट्टीत मी गेलो तेव्हा शेंगच होती. त्याच्या पुढच्या सुट्टीतही शेंग. मला वाटलं होतं, शिकणारा माणूस शिकत जाईल.

“अरे, आता तरी जरा बरी वळ. इतके दिवस झाले.”

“दादा, तुला कळत न्हाय,” रामहरी म्हणाला. आम्ही गोठ्यामागं होतो. त्याच्या बोटात त्याची स्वतःची होती, रेघ मारावी तशी सरळ. “एकाएकी चांगली वळली तर आबा काय म्हंतील? हाताला जुनी सवय हाय म्हंतील. हळूहळूच सुदरायला पायजे.”

“किती हळूहळू?”

घराकडे मान वळवून त्यानं कान दिला. सवयीनं. आता ओसरीवरून खाकरत कुणी येणार नव्हतं, तरी तो अर्धीच ओढून विझवायचा. “डॉक्टर काय म्हनाले ते हाय की ध्येनात,” तो म्हणाला. “आबांजवळ दिस किती, न् माजं शिक्षान किती. पर करू काय? वाईट वळून देतो तवा वाटतं, बापाला भुसा पाजतोय. चांगली वळू म्हटलं तर बोटं आडत्यात. खरंच आडत्यात रं. आता मला बी कळंना, येती का न्हाय.”

मी त्याला सांगितलं की तू एखादी जरा बरी वळून बघ, मामा काही बोलायचे नाहीत. तो म्हणाला, “ते बोलत न्हाईत म्हनूनच तर.”

आणि मामा खरंच काही बोलत नव्हते. सकाळ-संध्याकाळ बोटं वर करायचे. रामहरी पाटावर बसायचा, शेंग करायचा. ज्या माणसाची सिगारेट पाहायला पलटणीतले गोरे जमत म्हणे, तो माणूस ती शेंग तोंडात धरून निखारा कुठे पडतो याकडे लक्ष ठेवायचा. तक्रार करायची तर ‘तुला यापेक्षा चांगली येते’ असं म्हणावं लागलं असतं. ते म्हणता येत नव्हतं. जीभ चालत असती तरी आलं नसतं.

उसाची तोडणी सुरू झाली तेव्हा रावजी इंदापूरहून आला. मीही होतो. दुपारची वेळ, जेवणं झालेली, मामांच्या बाजेभोवती आम्ही बसलो होतो. विषय कारखान्याचा. कुणाचा ऊस आधी तोडायचा, कुणाचा वाळत ठेवायचा, यावर त्या काळात सख्खे भाऊ बोलायचे बंद होत. रावजीचं म्हणणं, कारखान्यात ओळख पाहिजे. रामहरीचं म्हणणं, ओळख लागत असेल तर मग सहकार कसला? मामांची बोटं मघाशीच वर झालेली होती, म्हणून रामहरी डबा पुढ्यात घेऊन बसला होता.

“पावनं, तुमी म्हंताय तसं आसंल तर सभा कशाला भरवायच्या?” रामहरी म्हणाला. त्यानं कागद घेतला. “मागल्या सभेत मी उठून इचारलं का न्हाय?”

“इचारलंस. उत्तर आलं का?”

“येईल.”

“मग ऊस वाळू दे तवर!” रावजी हसला. “सासरेबुवांच्या काळात बरं हुतं, गूळ करायचा न् बाजारात न्यायचा. आता धुराड्याकडं तोंड करून बसायचं.”

“बसायचं कशाला? भांडायचं!” रामहरी तावातावानं पुढे सरकला. बोलता बोलता त्याच्या दोन्ही अंगठ्यांनी कागद एकदा मागे-पुढे केला. “सगळ्यांचा ऊस नंबरानं तुटला पायजे. लागनीची तारीख लिवलेली हाय ना? मग?” जीभ डिंकावरून सर्रकन फिरली. वाटी तशीच भरलेली राहिली. “तारखंपरमानं तोडा म्हनावं. पाटलाचा आसू नायतर कुनाचा आसू.” टोक नखावर दोनदा ठोकलं. सिगारेट झाली होती. सरळ, घट्ट, पेनसिलीसारखी. आणि तिच्या मागोमाग जे घडायचं ते घडलं. रामहरीनं ती आपल्याच ओठात धरली आणि काडेपेटीसाठी खिसा चाचपला.

रावजीचं तोंड उघडं राहिलं. मामींच्या हातातला सुपारीचा अडकित्ता थांबला. रामहरीचा हात खिशात, सिगारेट ओठात, आणि नजर समोर बाजेवर.

मामांनी डोळे मिटले होते.

केव्हा मिटले ते मी पाहिलं नाही. पण ते पूर्णपणे झोपले होते. इतक्या पटकन आणि इतक्या मनापासून झोपलेला माणूस मी पाहिलेला नाही. छाती संथ वर-खाली होत होती. मध्ये एकदा थोडंसं घोरलेही.

रामहरीनं सिगारेट ओठातून काढली. तो काळाठिक्कर पडला होता.

“झोपले,” रावजी कुजबुजला.

“व्हय, झोपले,” मामी म्हणाल्या. “मगापासनं झोपल्यात.”

मामांचा डावा हात मात्र गोधडीच्या वर होता. दोन बोटं, मध्ये फट. डोळे मिटलेले, श्वास संथ, आणि बोटं तशीच उघडी. त्या फटीत बरोबर एक सिगारेट बसेल एवढी जागा होती. रामहरीनं ती जागा पाहिली. त्याच्या हातात मामांना गेल्या कित्येक महिन्यांत न मिळालेली वस्तू होती. वाकून नुसती ठेवायची होती. झोपलेल्या माणसाला कुणी काय हातात ठेवलं, कुणी ठेवलं, हे कळायचं काही कारण नव्हतं.

तो थोडा वाकलाही. पण ती त्याच्या तोंडातून निघालेली होती. त्यानं मामींकडे पाहिलं. मामींनी माझ्याकडे पाहिलं. मी शिकलेला. मी चष्मा पुसला.

मग मामी उठल्या, “गार लागंल,” म्हणाल्या, आणि त्यांनी मामांचा हात हळूच गोधडीखाली घेतला. बोटं मिटली नाहीत. गोधडीवर तिथं जरासा उंचवटा राहिला. आम्ही बराच वेळ त्याच्याकडे न बघता बसलो. रामहरी बाहेर गेला. गोठ्याकडून वैरण कापल्याचा आवाज येऊ लागला.

संध्याकाळी त्यानं पाट मांडला, डबा उघडला, वाटीत पाणी घेतलं आणि अगदी वेड्यावाकड्या बोटांनी कागद धरून विचारलं, “आबा, वळू का?”

मामा झोपले होते.

सकाळी तो पुन्हा बसला. “आबा?” मामांना झोप लागलेली. दूध प्यायला ते जागे असायचे, कूस बदलायला जागे असायचे, सोपानानं म्हशीचं रेडकू दाखवायला आणलं तेव्हा चांगले टक्क जागे होते. पण डब्याचं झाकण वाजलं की पापण्या मिटायच्या. बोटं पुन्हा कधी वर झाली नाहीत. मागायचं म्हणजे डोळे उघडून मागावं लागतं, आणि डोळे उघडे असते तर त्यांनी ते पाहिलेलं असतं.

रामहरी तरी रोज दोन वेळा बसायचा. मामांच्या मिटल्या डोळ्यांसमोर तो एक शेंग वळायचा, थोडा वेळ हातात धरायचा, मग फोडून तंबाखू डब्यात परत टाकायचा. एकदा मला वाटलं, म्हणावं याला की आता तरी नीट वळ, बघतंय कोण. म्हटलं नाही.

त्या महिन्यात बारामतीचे डॉक्टर पुन्हा आले. नाडी पाहिली, डोळ्यांवर उजेड टाकला. झोप कशी आहे विचारलं.

“लई झोपत्यात,” मामी म्हणाल्या.

“छान,” डॉक्टर म्हणाले. “झोप लागतेय हे चांगलं आहे. आणि ते सिगारेटचं?”

“सुटली,” रामहरी म्हणाला.

डॉक्टरांनी त्याच्या पाठीवर थाप मारली. असे मुलगे सगळ्यांना मिळाले तर आमचं काम हलकं होईल, म्हणाले.